अभ्यासाची गोडी आणि मिटलेले पुस्तक

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी-पालक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागतात. गुणवंतांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, पेढे वाटले जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्याच संध्याकाळी काही घरांत दिवे लागलेले असूनही अंधार असतो. तेथे एखादा मुलगा किंवा मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. वर्षभर पुस्तक हातातून खाली ठेवलेले नसते, रात्री एक-एक वाजेपर्यंत दिवा जळालेला असतो, आईने दुधाचा पेला उशाशी ठेवलेला असतो. आणि गुणपत्रिका मात्र निराळेच काही सांगत असते. मग वडील सुस्कारा टाकून म्हणतात, "ह्याला डोकेच नाही. उद्यापासून गल्ल्यावर बसव." आजचे हे विवेचन सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांसाठी फारसे नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या मुलासाठी आहे.

गल्ल्यावर बसणे ही शिक्षा आहे असे येथे मुळीच सुचवायचे नाही. पेढीवर जे व्यवहारज्ञान मिळते ते कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही, हे ज्यांनी दोन्ही पाहिले आहे ते जाणतात. परंतु दुकान हे नापास झालेल्यांच्या आश्रयाचे ठिकाण ठरले, तर त्यात मुलाचा अपमान आहे आणि दुकानाचाही. शिवाय "डोके नाही" हा निवाडा फार घाईने दिला जातो. गज वाकडा असेल तर ताका कमी भरतो. त्यात ताक्याचा दोष नसतो. मुलाचे डोके कमी आहे असे ठरविण्यापूर्वी तो अभ्यास म्हणून जे करतो आहे ते नेमके काय आहे, हे एकदा पाहिले पाहिजे. बहुतेक घरांत ते कधीच पाहिले जात नाही.

ह्या संदर्भात एका उमेदवार मुलाची हकीकत सांगण्याजोगी आहे. मुलगा आपल्या समाजातला नाही, आपल्या देशातलाही नाही. परंतु तो दुकानात राबणारा होता, म्हणून पेढीवरच्या मंडळींना तो परका वाटणार नाही.

मायकेल फॅरेडे ह्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, त्यात प्रकृतीने नाजूक, त्यामुळे काम कधी असे, कधी नसे. १८०१ साली धान्य महागले तेव्हा ह्या मुलाच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई, असे त्याच्या चरित्रात नोंदविलेले आहे. शाळा म्हणजे जेमतेम अक्षरओळख, लेखन आणि हिशेब. तेराव्या वर्षी, १८०४ मध्ये, तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोचविण्याच्या कामाला लागला आणि पुढच्या वर्षी पुस्तकबांधणी शिकण्यासाठी त्याच दुकानात सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. दिवसभर पाने शिवायची, पुठ्ठे चढवायचे, चामड्यावर अक्षरे उठवायची.

बांधणीला आलेली पुस्तके तो संध्याकाळी वाचू लागला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख त्याच्या हाती आला. जेन मार्सेट नावाच्या विदुषीने गुरू-शिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक आले. वाचलेले खरे की खोटे, हे तो शक्य तेथे स्वतः करून पाही. मालक भला होता. त्याने मुलाला हटकले नाही, उलट दुकानात छोटे प्रयोग करू दिले. धंदेवाइकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोकराच्या हाती पुस्तक दिसले की ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांनी विशेषच.

१८१० च्या सुमारास लंडनमध्ये टॅटम नावाचे एक गृहस्थ आपल्या राहत्या घरी विज्ञानावर व्याख्याने देत असत. प्रवेशशुल्क एक शिलिंग. ते शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट देई. तोही लोहारच होता. आपल्याकडेही कितीतरी घरांत थोरला भाऊ धंद्यात राहतो म्हणून धाकटा शिकतो, आणि सत्काराच्या वेळी थोरल्याचे नाव कोणी घेत नाही.

ह्या व्याख्यानांना बसून फॅरेडे जे करी, तेच आजच्या विषयाचे मर्म आहे. व्याख्यान चालू असताना तो सर्व काही उतरवून घेत नसे. केवळ महत्त्वाचे शब्द, प्रयोगांची नावे, पदार्थांची नावे, एखादे मोक्याचे वाक्य एवढेच टिपून घेई. घरी आल्यावर त्या शब्दांवरून दुसरे टिपण तयार करी, अधिक विस्तृत आणि क्रमवार. मग ह्या दुसऱ्या टिपणाच्या आधाराने संपूर्ण व्याख्यान आरंभापासून शेवटापर्यंत स्वतः पुन्हा लिहून काढी. आकृत्या नीट जमेनात, तेव्हा रिबोच्या घरी उतरलेल्या एका चित्रकाराकडून तो यथादर्शन चित्रकला शिकला. लिहिलेले सर्व कागद स्वतःच्या हाताने बांधून त्याने त्यांचे चार खंड केले आणि ते मालकाला अर्पण केले.

त्या दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने ती टिपणे पाहिली आणि ह्या मुलाला १८१२ च्या वसंतात रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही ह्या विख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. पुन्हा तीच रीत. मोजके शब्द, दुसरे टिपण, मग आठवून संपूर्ण लेखन. तीनशेहून अधिक पानांचा तो ग्रंथ बांधून त्याने १८१२ च्या डिसेंबरात डेव्हींकडे पाठविला आणि काम मागितले. डेव्हींनी उत्तर दिले, भेटही दिली, परंतु सल्ला असा दिला की बांधणीचाच धंदा सांभाळावा. थोड्याच महिन्यांत प्रयोगशाळेतील एका मदतनिसाला कामावरून काढावे लागले आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरेडेची नेमणूक झाली. वेतन आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पुढे १८३१ साली ह्याच माणसाने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज वीज निर्माण करणारे जनित्र आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, दोन्ही त्याच तत्त्वावर चालतात.

एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. फॅरेडे आयुष्यभर स्वतःच्या कमजोर स्मरणशक्तीची तक्रार करीत असत. ह्या तक्रारीपायीच त्यांनी प्रयोगांच्या नोंदवहीत प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देण्याची शिस्त लावून घेतली. तो क्रमांक शेवटी सोळा हजारांच्या पुढे गेला. गणितही त्यांना फारसे येत नव्हते. (हे दुसरे वाक्य विद्यार्थ्यांनी घरी जाऊन सांगू नये.) तेव्हा "माझ्या लक्षात राहत नाही" हे वाक्य उच्चारणारा विद्यार्थी तसा चांगल्या सोबतीत आहे.

आता आपल्या घरातल्या अभ्यासाकडे वळू. विद्यार्थी पुस्तक उघडतो, धडा वाचतो, पिवळ्या पेनाने ओळी रंगवतो, पुन्हा वाचतो. दुसऱ्या वाचनात ओळी ओळखीच्या वाटतात. तिसऱ्या वाचनात तर डोळे पुढे पुढे धावतात आणि मन म्हणते, हे येते आहे. येथेच फसगत होते. ओळखीचे वाटणे आणि येणे ह्यांत मोठे अंतर आहे. रोज रस्त्यात दिसणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखीचा असतो; परंतु त्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही. परीक्षेत चेहरा दाखवून ओळखायला सांगत नाहीत, नाव विचारतात.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ह्याच प्रश्नावर आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार बैठकांत तो वाचला, पुन्हा पुन्हा, सरासरीने चौदा वेळा. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या बैठकीत तो तीन-साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. एका आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र पालटले. वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांपाशी ६१ टक्के. त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, पुढे किती लक्षात राहील असे आधी विचारले तेव्हा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास अधिक होता.

निकालाच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलाचे सर्व दुःख ह्या आकड्यांत आले आहे. त्याने खोटे सांगितलेले नसते. रात्री वाचून उठला तेव्हा त्याला खरोखरच सर्व येत होते. पाच मिनिटांनी कोणी परीक्षा घेतली असती तर तो उत्तीर्णही झाला असता. परीक्षा मार्चमध्ये होती, आणि तोवर ते राहिले नाही. त्याचे कारण डोक्यात शोधले गेले. ते रीतीत होते.

व्यापाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. फळ्यांवर ताके रचलेले दिसतात, दुकान भरलेले दिसते, गिऱ्हाइकांची वर्दळ असते. एवढ्यावरून नफा झाला असे जो समजतो त्याचे दुकान फार दिवस चालत नाही. शटर ओढल्यावर गल्ला मोजावा लागतो, रोजकीर्द लिहावी लागते, आणि दिवाळीपूर्वी एकेक ताका खाली काढून शिल्लक माल मोजावा लागतो. मोजताना तूट निघते, जीव थोडा खट्टू होतो; तरी मोजल्यावाचून गत्यंतर नसते. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिणे ही विद्यार्थ्याची रोजकीर्द आहे. फरक एवढाच की दुकानात गल्ला मोजल्याने पैसा वाढत नाही, अभ्यासात मात्र मोजण्यानेच शिल्लक वाढते. जे आठवून बाहेर काढले, ते पुढच्या वेळी अधिक सहज बाहेर येते.

आणि हे सर्व परदेशातून शिकण्याची आपल्याला खरे तर आवश्यकताही नव्हती. आपल्या घरांतून लहान मुलांना भक्तामर स्तोत्र कसे पाठ होते? अठ्ठेचाळीस श्लोक, भाषा संस्कृत, अर्थ बहुधा कळलेला नसतो. तरी सहा-सात वर्षांची मुले ते अस्खलित म्हणतात. पुस्तक आजीच्या हातात असते आणि नातवाच्या हातात नसते. तो म्हणतो, अडखळतो, वर बघतो. आजी एक शब्द सुचविते, तो पुढे जातो. उद्या पुन्हा. रविवारी पाठशाळेत पुन्हा. हेच मूल दहावीत गेले की त्याच्या हातात आपण पुस्तक देतो, खोलीचे दार लावून घेतो आणि म्हणतो, वाच. जी रीत सहाव्या वर्षी यशस्वी झाली होती ती पंधराव्या वर्षी कोणी सोडायला सांगितली, ह्याचे उत्तर कोणापाशी नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. श्वेतांबर परंपरेत नावांत व क्रमात थोडा फरक आहे, आशय तोच. धर्मग्रंथांच्या अध्ययनासाठी ही व्यवस्था आहे आणि शालेय परीक्षांसाठी ती सांगितलेली नाही, हे स्पष्टच आहे. परंतु अध्ययन म्हणजे काय ह्याचा विचार करणाऱ्याला त्यात एक गोष्ट दिसते. वाचन हा पाचांतला केवळ एक प्रकार आहे. उरलेल्या चारांत शंका विचारायची आहे, मनात घोळवायचे आहे, शुद्ध उच्चाराने परत परत म्हणायचे आहे आणि दुसऱ्याला सांगायचे आहे. आजचा विद्यार्थी पहिल्यावरच थांबतो आणि तोच पाच वेळा करतो.

परत परत म्हणायचे खरे, परंतु किती अंतराने? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस ह्याने स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग करून १८८५ साली स्मृतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि त्या किती विसरल्या हे मोजी. त्याला आढळले की एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जेवढे हाती लागते, तेवढेच तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटल्याने लागते. म्हणजे श्रम निम्म्याच्या आसपास आले. एकाच रविवारी सहा तास भूगोल करण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस पाऊण तास केलेला भूगोल अधिक टिकतो तो ह्यामुळे. रात्रीची झोप मोडून केलेले पाठांतर तर दोन्हीकडून तोट्याचे.

येथवर पद्धतीचा विचार झाला. परंतु पालकांची खरी तक्रार वेगळी असते. "पद्धत राहू द्या हो, तो मुळात बसतच नाही. गोडीच नाही." ह्या प्रश्नाला टाळून चालणार नाही.

गोडी आधी लागते आणि मग अभ्यास होतो, असा सार्वत्रिक समज आहे. दुकानाचा अनुभव असा नाही. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी आज मन लागते आहे का, असे कोणी स्वतःला विचारीत नाही. शटर वर जाते, झाडलोट होते, गादीवरची चादर बदलली जाते. पहिले गिऱ्हाईक येते, बोहनी होते, आणि मग दिवसाला रंग चढतो. पावसाळ्यात दुपारपर्यंत बोहनी न झालेले दिवसही असतात. दुकान तरीही उघडे असते. विद्यार्थ्याचेही तसेच आहे. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि मुद्दाम छोटे ठेवलेले पहिले काम. एक पान वाचायचे, मिटायचे, पाच ओळी लिहायच्या. मोबाइल त्या वेळी दुसऱ्या खोलीत, आणि हा नियम घरात मोठ्यांनाही लागू. त्या पाच ओळींत दोन बरोबर आल्या, तर बोहनी झाली.

नुसत्या वाचनाचा कंटाळा येतो त्याला कारण आहे. दहाव्या वाचनात नवीन काही कळत नाही आणि आपण पुढे गेलो की नाही तेही कळत नाही. ज्या धंद्यात हिशेबच नाही त्यात कोणाचे मन रमेल? काल प्रकाशाच्या धड्यातले चार मुद्दे आठवले होते, आज सात आठवले, हे स्वतःच्या अक्षरात समोर दिसते तेव्हा गोडीचा पहिला अंकुर फुटतो. फॅरेडेला व्याख्यानांची गोडी होती म्हणून त्याने टिपणे केली, हे खरे. परंतु टिपणे वाढत गेली तसतशी ती गोडी वाढत गेली, हेही तितकेच खरे. १८१२ च्या उन्हाळ्यात त्याने अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचून विजेची छोटी राशी तयार केली. तिच्याबद्दल बेंजामिन ॲबट ह्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याचा आनंद मावत नाही. सात नाण्यांचे भांडवल! परंतु पुस्तकातली गोष्ट स्वतःच्या हातून घडली होती. मित्राला पत्राने सांगणे हादेखील त्याच्या अभ्यासाचाच भाग होता. मनाच्या जोपासनेवरील एका पुस्तकातून त्याने तो सल्ला घेतला होता आणि तो निष्ठेने पाळला.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. मिटलेल्या पुस्तकाचा पहिला आठवडा दुःखाचा असतो. कागद कोरा राहतो. आपल्याला काहीच येत नाही असे वाटते, आणि वाचनाच्या जुन्या गुळगुळीत वाटेवर परत जावेसे वाटते. जे विद्यार्थी येथे परत फिरतात ते कायमचे फिरतात. तो कोरा कागद नवीन अपयश दाखवीत नाही. आजवर जी तूट मोजलीच नव्हती ती दाखवितो. मार्चमध्ये कळण्यापेक्षा ती जुलैमध्ये कळलेली बरी.

बक्षिसांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण समाजात ह्याची चढाओढ आहे. "नव्वद टक्के मिळव, मोटारसायकल घेऊन देतो." १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायला ज्यांना मनापासून आवडत होते अशीच मुले निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता मागाहून ते दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढच्या काही दिवसांत मोकळ्या वेळी कोण किती चित्रे काढतो हे पाहिले. ज्यांना आधी आमिष दाखविले होते ती मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढीत बसली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचे काही बिघडले नव्हते. म्हणजे ट्रस्टच्या सत्काराला हरकत नाही, सौद्याला आहे. ज्ञानाची किंमत मोटारसायकल, असा भाव एकदा बांधून दिला की मोटारसायकल दारात आल्यावर पुस्तकाला कोण विचारतो?

कित्येक मुलांपुढे आमिषाचा प्रश्नच नसतो. दुपारी दुकानात तीन तास हातभार लावल्याखेरीज ज्यांचे घर चालत नाही असे विद्यार्थीही ह्या सभागृहात असतील. त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण ठेवावे. कुंभोजला जैन कुटुंबात जन्मलेल्या अण्णांचे स्वतःचे शालेय शिक्षण अपुरे राहिले. (जन्मदिवस २२ सप्टेंबर, साल १८८७. फॅरेडेचाही तोच दिवस, हा निव्वळ योगायोग.) १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, स्वतःची कामे स्वतः करीत, श्रम करीत आणि शिकत. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. "कमवा आणि शिका" ह्या योजनेमागची दृष्टी अशी होती की श्रम आणि शिक्षण एकमेकांचे वैरी नाहीत. दुकानात उभ्या असलेल्या मुलाला दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मोकळा वेळ मिळतो. त्या वेळात पुस्तक उघडता येत नसेल. परंतु सकाळी वाचलेले मनात म्हणून पाहायला पुस्तक लागतच नाही. ही सोय खोलीत कोंडून वाचणाऱ्याला नाही.

राहता राहिला प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांचा. बहुतेक पालक रात्री घरी आल्यावर विचारतात, "किती तास वाचलेस?" आणि मुलगा एक आकडा सांगतो. हा आकडा ऐकून दोघांचेही समाधान होते व त्यापासून दोघांनाही काही लाभ होत नाही. त्याऐवजी पाणी पिऊन, जरा टेकून, मुलाला किंवा मुलीला जवळ बसवावे, पुस्तक तिच्याकडून आपल्या हाती घ्यावे, मिटलेलेच ठेवावे आणि म्हणावे, "आज काय वाचलेस ते मला सांग." विषय आपल्याला कळलाच पाहिजे असे नाही. भक्तामर ऐकणाऱ्या आजीला व्याकरण कोठे येत होते? ज्या आईची शाळा सातवीत सुटली तिलाही कपड्यांच्या घड्या घालता घालता हे ऐकता येते. कळले नाही तर "म्हणजे काय?" एवढेच विचारावे, समजावताना मुलाच्या ध्यानात येईल की आपल्यालाही ते पुरते कळलेले नाही. तो मध्येच अडखळेल, छताकडे पाहील, चार क्षण गप्प राहील. त्या वेळी रागावू नये, घाई करू नये, शेजारच्या मुलाचे नाव तर मुळीच काढू नये. थोडे थांबावे. आठवले तर तो पुढे बोलेल. नाहीच आठवले, तर तो स्वतःच हात पुढे करून पुस्तक मागेल. तेव्हा ते त्याला द्यावे.

जय जिनेंद्र.